बोरमाळ मंगळवारी हरवलीच नव्हती

‘काकू, मी न्यायसहायक विज्ञानात (फॉरेन्सिकमध्ये) एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. गुन्ह्याचा तपास हा विषय मला इतका आवडतो की सुट्टीत कादंबरीऐवजी कोर्टाचे जुने निकाल वाचते. दिवाळीला साताऱ्याला घरी गेले होते. वसुबारसेच्या आधीच्या मंगळवारी आजीने कपाट उघडलं तर तिची बोरमाळ नाही. सगळे रडकुंडीला आले. मला मात्र, खरं सांगते, उत्साह आला. वही घेऊन मी एकेकाला विचारत सुटले. आजी म्हणाली, सोमवारी लाल डबीत पाहिली होती. मंगळवारी सकाळी त्या खोलीत कामाच्या मावशी एकट्याच होत्या. त्यांनी त्याच महिन्यात मुलीच्या फीसाठी दहा हजारांची उचल मागितली होती. मी विचारत होते तेव्हा त्या नजर चुकवत होत्या. आई म्हणत होती, “अगं, दोन वर्षांपूर्वी वॉशिंग मशीनमध्ये सापडलेली माझी अंगठी यांनीच आणून दिली.” मी म्हटलं, विश्वास बसावा म्हणूनच दिली असेल. शेवटी मावशी रडत म्हणाल्या, “तुम्हाला तसंच वाटत असेल तर पगारातून कापून घ्या.” मला वाटलं, झालं, कबुली मिळाली. सोसायटीच्या ग्रुपवर मी त्यांचं नाव घेऊन “सावध राहा” असं लिहिलं. चौदा वर्षं आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. आणखी दोन घरांनी त्यांना काढलं. मार्गशीर्षात पटवेकऱ्याचा निरोप आला, माळ केव्हाची गाठवून तयार आहे, न्यायला कुणी आलं नाही. गौरीच्या अंगावरून उतरवताना दोरा विरलेला दिसला म्हणून आजोबांनीच ती दिली होती, आणि विसरले होते. मी ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. वर्गात बसवत नाही. या अभ्यासाने माझी नजरच नासली का? शिक्षण सोडू का? आणि मावशींना परत कसं आणू?’

— एक विद्यार्थिनी, सातारा

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना खाकीतली सगळी वर्षं डोळ्यांपुढे आली आणि थोडं कौतुकही वाटलं, कारण स्वतःविरुद्धचा जबाब इतका स्वच्छ कुणी देत नाही. उत्साह आला होता, हेसुद्धा तू लपवलं नाहीस.

शिक्षण सोडू नकोस. तू जे शिकतेस त्यातलं त्या दिवशी काय काय वापरलंस, ते आधी ताडून बघू. मला तरी त्यात फार थोडं दिसतं.

एफआयआरचा छापील नमुना तू पाहिला असशील. गुन्हा घडल्याची वेळ आणि पोलिसांना कळल्याची वेळ यांना त्यात वेगवेगळे रकाने आहेत. घडल्याच्या रकान्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा लिहायला जागा आहे. घरफोडीच्या फिर्यादीत ‘रात्री दहा ते सकाळी सहाच्या दरम्यान’ असं येतं ते याच्यामुळे. घरी परतलेल्या माणसाला कुलूप तुटलेलं दिसतं, ते तुटताना दिसलेलं नसतं. तुझ्या घरी मंगळवारी काय झालं? आजीने कपाट उघडलं, एवढंच. बोरमाळ नाही हे मंगळवारी कळलं. ती मंगळवारी गेली, हे तू ठरवलंस. तुझ्या वहीत ‘पासून’ या रकान्यात गौरी विसर्जनाची तारीख यायला हवी होती, कारण सगळ्यांनी मिळून ती माळ शेवटची पाहिली ती तेव्हा, गौरीच्या गळ्यात. मग मधले ते सगळे आठवडे उघडे पडले असते. नवरात्रात कोण राहायला आलं, दिवाळीची साफसफाई कुणी केली, कपाट कुणी हलवलं, माळ कुणी हातात घेतली. या शेवटच्या प्रश्नाला आजोबांनी कदाचित ‘अरेच्चा’ म्हटलं असतं आणि प्रकरण चहाबरोबर संपलं असतं.

पण आजोबांना तू विचारलंच नाहीस. पत्रात आजीचा जबाब आहे, आईचा आहे, मावशींचा आहे. आजोबांचा नाही. का, ते तुझं तूच बघ. माझा अंदाज सांगते. घरातली माणसं तुझ्या यादीत फक्त साक्षीदार होती आणि पगार घेणारं माणूस तेवढं संशयित. हे तुला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. हे आपल्या घराघरांत असतं. बाई नवीन लागली की आठवडाभर पाकीट उचलून ठेवतात ना, तेच. एफआयआरच्या त्याच नमुन्यात आरोपीच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहायची सोय आहे. ठाण्यात तो शब्द रोज लिहिला जातो आणि त्यात कुणाची नाचक्की होत नाही. तुला तो रकाना दुपारपर्यंतही रिकामा ठेववला नाही.

आता आजीकडे येऊ. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे आणि तुझं तिच्याकडे लक्षच नाही. आजीने सोमवारी लाल डबीत बोरमाळ ‘पाहिली’. त्या सोमवारी ती माळ पटवेकऱ्याच्या दुकानात होती. मग आजीने पाहिलं काय?

आजी खोटं बोलली नाही, याची मला खात्री आहे. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1974 साली केलेला प्रयोग तुमच्या अभ्यासात असेल. दीडशे विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा किती होता. उरलेल्यांना वेगाचं विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न केला, फुटलेली काच दिसली का? ‘धडकल्या’वाल्यांपैकी 7 जण हो म्हणाले, काही न विचारलेल्यांपैकी 6, आणि ‘धाडकन आदळल्या’वाल्यांपैकी 16. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

तू आजीला नेमकं काय विचारलंस ते लिहिलेलं नाहीस. माझी पैज आहे, ‘सोमवारी कुठे होती?’ असंच काहीतरी विचारलं असशील. सोमवारी ती घरात होती हे तुझ्या प्रश्नातच होतं. आजीकडे लाल डबीची चाळीस वर्षांची आठवण आहे. त्यातली एक उचलून तिने सोमवारच्या खुंटीला टांगली. नात एवढी शिकलेली, हातात वही, चेहरा गंभीर. ‘मला आठवत नाही गं’ म्हणायला म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते. तपासात जबाब घेताना आधी माणसाला मोकळं बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, हे इंग्लंडमधल्या पोलिसांनी 1992पासून रीतसर प्रशिक्षणात आणलं. त्याआधीच्या काही वर्षांत गिल्डफोर्डच्या चौघांना आणि बर्मिंगहॅमच्या सहा जणांना, बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत कबुल्या वगैरे सगळं असूनही, पंधरा-सोळा वर्षं तुरुंगात काढल्यावर सोडून द्यावं लागलं होतं.

कबुलीचं नाव निघालंच आहे तर मावशींच्या त्या वाक्याकडे वळते. ‘तुम्हाला तसंच वाटत असेल तर पगारातून कापून घ्या.’ तू कायद्याचे निकाल वाचतेस. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे 1872च्या पुरावा कायद्यात होतं आणि 1 जुलै 2024पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम 23 मध्ये, आहे. दीडशे वर्षं सरकारं बदलली, हा नियम राहिला. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात सत्ता असली की समोरचं माणूस त्या खोलीतून सुटण्यासाठी काहीही बोलतं, हे इंग्रज सरकारलाही माहीत होतं. मावशींच्या वाक्यात ‘मी घेतली’ असं कुठेच नाही. ‘हे थांबवा, पैसे घ्या आणि थांबवा’ एवढंच आहे. चौदा वर्षांच्या पगारातून सोन्याची माळ फेडायला निघालेली बाई होती ती. हे वाक्य मी वाचलं तेव्हा चष्मा काढून ठेवावा लागला.

नजर चुकवण्याचं लवकर संपवते. चेहरा बघून खोटं ओळखण्यावर शेकडो प्रयोग झालेत. त्यांचे निकाल 2006 साली एकत्र मांडले गेले तेव्हा लोकांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं असतंस तरी चार टक्क्यांचाच फरक. आणि उचल मागणं म्हणजे गरज. गरजेला तू हेतू समजलीस.

तुझ्या डोक्यात परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी होती, हे मला दिसतंय. एकटी होती, पैसे हवे होते, नजर चुकवली, कबूल झाली. चार कड्या. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली पुण्यातल्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. न्यायमूर्ती फजल अली यांनी त्यांना पंचशील म्हटलं. अजूनही खुनाच्या खटल्यात वकील त्यांच्याशिवाय उभा राहत नाही. विद्यार्थी शेवटच्या दोन पाठ करतात, साखळी पूर्ण हवी आणि दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. माझ्या मते खरी मेख पहिलीत आहे. प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे, पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे. ‘झाली असेल’ आणि ‘झालीच आहे’ यांच्यात अंतर आहे, हे कोर्टाने तिथेच बजावलंय. तुझ्या पहिल्याच कडीत मंगळवार होता, आणि मंगळवार तर खोटा. पुढच्या तीन कड्या हवेत लोंबकळत होत्या, फक्त तुला त्या एकमेकींत अडकलेल्या दिसल्या.

आणि ती अंगठी. आईने तुझ्यासमोर मावशींच्या बाजूचा पुरावा ठेवला आणि तू तो उलटा करून त्यांच्याच विरुद्ध लावलास. अंगठी परत केली म्हणून चोर. ठेवून घेतली असती तरी चोरच. ज्या संशयाला काहीही झालं तरी बळच मिळतं, त्याला तपासात जागा नसते.

तू एकटी नाहीस, म्हणून लंडनचं एक जुनं प्रकरण सांगते. 1896 साली अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला बायकांना फसवून दागिने लाटल्याबद्दल शिक्षा झाली. दहा जणींनी त्याला ‘हाच तो’ म्हणून ओळखलं होतं. बेक म्हणत राहिला की तो मी नव्हेच. पोलिसांचं म्हणणं, 1877 साली स्मिथ नावाने याच गुन्ह्यात सजा भोगलेला माणूस हाच. पुढे 1898 मध्ये तुरुंगाच्या जुन्या नोंदीत आढळलं की त्या स्मिथची सुंता झालेली होती. बेकची नव्हती. आता याहून स्पष्ट काय हवं? पण सरकारी खात्याने काय केलं, तर बेकच्या कैदी क्रमांकातलं ‘पूर्वी शिक्षा झालेला’ असं दाखवणारं अक्षर तेवढं काढून टाकलं. माणूस आतच ठेवला. 1901 साली तो सुटला, 1904 साली तशाच आरोपावरून पुन्हा पकडला गेला, पुन्हा दोषी ठरला, आणि तो कोठडीत असताना खरा भामटा तेच उद्योग करताना सापडला म्हणून वाचला. फौजदारी अपिलासाठी इंग्लंडमध्ये 1907च्या कायद्याने वेगळं कोर्ट निघालं त्यामागे हे प्रकरण होतं.

हे सांगितलं ते त्या एका अक्षरासाठी. तू मेसेज डिलीट केलास, तेही तसंच अक्षर काढणं झालं. वाचायचं त्यांनी तो कधीच वाचला होता. आरोप तसाच राहिला, त्याखालची तुझी सही तेवढी पुसली गेली. आमच्या भाषेत याला पुरावा नष्ट करणं म्हणतात. (आणि नाव घेऊन असं लिहिणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी ठरू शकतं, हे तुझ्यासारखीला सांगायला नको. मावशी कोर्टात जाणार नाहीत, ही त्यांची अडचण आहे, तुझी सुटका नाही.)

आपल्याकडे पोलिसांना गुन्ह्याचा तपास आरोपपत्राशिवाय बंद करायचा असला की समरी, म्हणजे तपास का थांबवला याचा अहवाल, पाठवावी लागते. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्यादच खोटी आणि खोडसाळ, तर ‘ब’. गुन्हा घडलाच नव्हता, गैरसमज होता किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा होता, फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही, तर ‘क’. सुरुवातीला मला हा निव्वळ कागदी घोळ वाटायचा. नोकरी संपता संपता वाटायला लागलं की संसारातली बहुतेक भांडणं ‘क’ समरीत बसतात आणि आपण ती सगळी ‘ब’ मध्ये घालतो. सून मुद्दाम बोलली, दीराने मुद्दाम पत्रिका पाठवली नाही. ‘अ’ तर कुणालाच नको असते. खरं आहे पण कळलं नाही, असं लिहून फाईल बांधायला फार जीव लागतो. माझ्या अशा तीन फाईली अजून रात्री उठवतात, पण तो विषय वेगळा.

तुझी बोरमाळ सरळ ‘क’. पण समरी मॅजिस्ट्रेटकडे जाते, फिर्यादीला कळवली जाते. ज्याच्यावर संशय घेतला त्याच्या दारात जाऊन कुणी काही सांगत नाही. तशी पद्धतच नाही.

माझ्या प्रोबेशनच्या काळातली गोष्ट. एका व्यापाऱ्याची नवी सायकल गेली. मी चहाच्या टपरीवरच्या पोराला आणून सकाळपासून बाकड्यावर बसवलं. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. हात लावला नाही, पण दर तासाला जाऊन ‘आठवलं का?’ विचारत होते. दिवेलागणीला व्यापाऱ्याचा मेहुणा तीच सायकल चालवत ठाण्यात आला. सांगून नेली होती म्हणे, वहिनींना. मी पोराला म्हटलं, जा. तो जाईना. म्हणाला, “बाई, मालकाला येऊन सांगा ना, मी नाही म्हणून.” टपरी दोनशे पावलांवर होती. मी दिवसभर उभी होते, पाय दुखत होते. मी म्हटलं, तूच सांग, मी सोडलं म्हणून. दोन दिवसांनी टपरीवर दुसरा पोरगा होता.

तर तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. मावशींना परत आणायचा प्रश्न तुझा नाही. तो त्यांचा आहे आणि त्या कदाचित नाही म्हणतील. तू तुझ्या दोनशे पावलांचं बघ.

आधी त्या दोन घरांत जा. फोन करू नकोस, जा. दारात उभं राहून सांग की माळ आमच्याच आजोबांनी दुरुस्तीला दिली होती, मावशींचा काही संबंध नव्हता, चूक माझी. ‘गैरसमज झाला’ म्हणू नकोस. त्या शब्दाला कर्ता नसतो. मग ग्रुपवर लिही, स्वतःच्या नावाने, चार ओळी, मावशींचं नाव घेऊन, जसं आरोप करताना घेतलं होतंस. आईच्या फोनवरून नको. खाली कुणी हात जोडल्याच्या खुणा टाकतील, कुणी ‘किती मोठं मन’ म्हणेल. त्याला उत्तर देऊ नकोस.

त्यानंतर हिशोब. मावशी आल्या नाहीत तेव्हापासूनचे तुमच्या घरचे पगार, त्या दोन घरांतले बुडालेले पगार आणि तिन्ही घरांचा दिवाळीचा बोनस. आकडा काढ आणि पाकिटात घाल. आईबाबा देतो म्हणतील. उसने घे आणि तुझ्या पहिल्या कमाईतून फेड. साडी, मिठाई असलं काही नेऊ नकोस. साडी नेली की ती भेट होते, आणि भेट घेणाऱ्याने हसायचं असतं. हे पैसे त्यांचे होते, ते तुझ्यामुळे अडकले. मुलीच्या फीचं बोलणं तर चुकूनही काढू नकोस. ती उचल मागितल्याचाच त्यांना आजवर सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला असेल.

त्या काय म्हणतील ते ऐकून घे. मध्ये तोंड घालायचं नाही, जबाबाचा नियम तोच. दार उघडलं नाही तर पाकीट शेजारणीकडे ठेवून यायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

आईचं मी काही सांगत नाही. ती अंगठीची आठवण तिने करून दिली होती आणि तू तिला खोडून काढलंस. तिला वेळ लागेल.

कॉलेजात परत गेलीस की वहीतली ती पानं फाडू नकोस. मार्जिनमध्ये लाल शाईने लिही की कुठे तू विचारलंस आणि कुठे तू सांगितलंस. मला वाटतं, अर्ध्याहून जास्त प्रश्नचिन्हं खोटी निघतील. एखाद्या सरांना किंवा मॅडमना दाखवायचं धाडस झालं तर दाखव. तुझ्या वर्गातल्या पोरांना कुठल्याही खटल्यापेक्षा ती पानं जास्त शिकवतील.

मावशींकडे दुपारी चारनंतर जा. सकाळी त्यांच्या कामाच्या वेळा असतील, असलेली कामं तुझ्यापायी बुडायला नकोत. एकटी जा. आजोबांना घेऊन जाऊ का, असं तुझ्या मनात येईल, कारण विसरले ते. ते स्वतःहून येतो म्हणाले तर येऊ देत, म्हाताऱ्या माणसालाही ते ओझं असेलच. पण जिना चढून वर गेल्यावर बोलायचं तू.